भाव करायचा कुठे?

मैत्रिणींनो, परवा बाभुळगावच्या आठवडी बाजारात चाळीस रुपयांची कानातली मी घासाघीस करून पंचवीसला आणली. विकणारी बाई उन्हात ताडपत्रीवर बसलेली. "ताई, पाच तर वाढवा," म्हणाली. मी नाही वाढवले. घरी येऊन पाकीट उलटवले तर 'मेड इन चायना'! तिकडे यिवू शहरात 1982 पासून अशा बारीकसारीक मालाचा मोठा घाऊक बाजार आहे, आपले व्यापारीही तिथे जातात. किती हात बदलून तो माल या बाईपर्यंत आला असेल? तिला त्यात सुटले काय?

त्याच महिन्यात पुतणीचे मंगळसूत्र घ्यायला यवतमाळला गेलो. गारेगार दुकान, वर चहा, आणि आम्ही चौघी मुक्या! घडणावळ किती टक्के, कुणीच विचारले नाही. बिलावरचा आकडा पाहून घरी बसून हळहळलो.

सोन्याचा दर कमी होत नाही, पण घडणावळीत भाव होतो, बायांनो. काळ्या मण्यांचे वजन सोन्यात धरले का, तेही विचारायचे. वजन, शुद्धता, घडणावळ, 3 टक्के जीएसटी, सगळे बिलात वेगवेगळे मागायचे. दोन ग्रॅमवरच्या हॉलमार्क दागिन्यावर 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी लागतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघता येतो. मुलांना सांगा, मिनिटाचे काम.

आता जोडव्यांसाठी पुन्हा जायचे आहे. "या वेळी बोलायचं तूच," असे जाऊबाईंनी बजावले आहे.