कासेतले जंतू आणि सरकारी उपदेश

गाईची कास सुजून दगडासारखी घट्ट होते, दुधात गाठी येतात, प्रसंगी रक्त उतरते. गावाकडे या रोगाला ‘दगडी’ म्हणतात. पशुवैद्यकाच्या पुस्तकात तो ‘कासदाह’ आहे. तो घडवून आणणारे स्टॅफिलोकोकस, ई. कोलाय यांसारखे जंतू आता एकामागून एका प्रतिजैविकाला दाद देईनासे झाले आहेत. इथवर कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो दोष कोणाच्या माथी मारायचा याचा. परिपत्रके आणि चर्चासत्रे यांचे उत्तर ठरलेले असते : शेतकरी अडाणी आहे, तो इंजेक्शने अर्धवट सोडतो, सबब त्याचे प्रबोधन करा.

हे उत्तर स्वस्त आहे, एवढाच त्याचा गुण. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की, पेनिसिलिन दुकानात कोणालाही विकत मिळू लागले की अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील. उपदेशकांना यातील अपुरी मात्रा तेवढी आठवते. दुकान आठवत नाही.

जिंतूर किंवा पालम तालुक्यातल्या दोन गाईंच्या धन्याचा विचार करावा. पहाटे कास तापलेली दिसते. पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली केली होती. आज जवळचा दवाखाना बहुधा श्रेणी दोनचा असतो आणि तो पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालतो. मग उरते औषधाचे दुकान. तेथे सेफ्ट्रियाक्सोन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन हाती पडते. यांतले पहिले माणसाच्याही गंभीर आजारात वापरतात, दुसऱ्याचे सख्खे भावंड माणसाला देतात. सेफ्ट्रियाक्सोन २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. कायदा कागदावर शाबूत आहे. तिसऱ्या दिवशी सूज उतरते, हातचे पैसे संपतात, उपचार थांबतो. उरलेले जंतू तगतात आणि आपले प्रतिकाराचे गुण शेजारच्या जंतूंनाही देतात. धार काढणाऱ्या हातांवाटे ते घरातही शिरू शकतात.

औषध दिल्यावर ठरावीक काळ ते दूध विकू नये, असा नियम आहे आणि तो योग्य आहे. दहा लिटर देणाऱ्या गाईचे पाच दिवसांचे पन्नास लिटर दूध ओतून द्यायचे. त्याची भरपाई कोण देणार? संकलन केंद्रावरचे यंत्र फॅट आणि एसएनएफ मोजते, कारण त्यावर दर कापता येतो. औषधाचा अंश सांगणारा रकाना पावतीवर नसतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेबाहेर निघाला. आकडा लहान आहे हे मान्य. पण ते दूध पिणाऱ्याला आपण त्या ७७ मध्ये आहोत की नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो. दूध उकळल्याने जंतू मरतात. औषधाचा अंश सगळा जात नाही.

जर्सी आणि होल्स्टीनचा संकर सरकारनेच गावोगाव पोचवला. दुधासाठी ते करणे भाग होते. लाल कंधारी गाईच्या दुधावर संसार चालत नाही. मात्र भरपूर दुधाच्या कासेला हा रोग लवकर गाठतो, हे सरकारच्या तज्ज्ञांना ठाऊक होते. रेतन आले, प्रयोगशाळा आली नाही. परभणी शहरात १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय उभे आहे. दुधाचा नमुना ताटलीत वाढवून, त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवून कोणते औषध चालते हे दोनतीन दिवसांत सांगता येते. तोवर गाय तडफडू द्यायची काय, असा आक्षेप येतो. मुळीच नाही, डॉक्टर उपचार सुरू करील आणि अहवाल येताच औषध बदलील. लपलेला कासदाह ओळखायला तर कपडे धुण्याच्या पावडरीचे तीन टक्क्यांचे पाणीही पुरते : समान दुधात मिसळले की रोगट दूध लिबलिबीत होते. ही साधी गोष्ट किती गोठ्यांत कोणी दाखवली?

सरकारला हालता येत नाही असेही नाही. जुलै २०१९ मध्ये पशुखाद्यातील व पशूंवरील कोलिस्टिनवर बंदी आली. डेन्मार्कने १९९५ सालीच औषधविक्रीतून पशुवैद्याला मिळणाऱ्या नफ्याला लगाम घातला. याच राज्यात पिंपरीला १९५४ साली प्रतिजैविकांचा सार्वजनिक कारखाना निघाला, तो हे औषध बाजाराच्या हवाली सोडू नये म्हणूनच.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात नमुने गोळा व्हावेत, परभणीत त्यांची तपासणी विनामूल्य व्हावी, रिकामी पदे भरावीत आणि उपचाराच्या काळात दूध न घालणाऱ्या उत्पादकाला त्या दिवसांचा दर दूध संघ व सरकार यांनी निम्मानिम्मा द्यावा. निम्मा खासगी डेअऱ्यांकडूनही वसूल करावा. फॅटचा कपात-दर त्यांना बरोबर जमतो.