नापास झालेला फोन

वनप्लस 6 हा फोन भारतात मे 2018 मध्ये आला. या मॉडेलचे दोन फोन टेबलावर शेजारी ठेवा. पहिल्यात कंपनीनं शेवटचं दिलेलं अँड्रॉइड 11 आहे. त्यानंतर कंपनीनं हात काढून घेतला, त्यालाही आता काही वर्षं झाली. मधल्या काळात मूळ प्रणालीत सापडलेल्या सुरक्षेच्या फटी कंपनीनं त्यात बुजवलेल्या नाहीत. दुसऱ्या फोनच्या मालकानं बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम, उघडला आणि फोनमध्ये लिनेजओएस घातलं. स्वयंसेवक मंडळी सांभाळतात ती ही प्रणाली. याच फोनसाठी त्यांनी अँड्रॉइड 15 पर्यंतची आवृत्ती तयार केली आणि तिच्यात सुरक्षेचे नवे पॅचही घातले. आता दोन्हींवर बँकेचं ॲप उघडा. पहिल्यावर ते बिनबोभाट चालतं. दुसऱ्यावर, बऱ्याच बँकांच्या बाबतीत, एक सूचना झळकते आणि ॲप बंद होतं. हा फोन सुरक्षित नाही, असं ती सूचना सांगते.

आमचा आक्षेप त्या सूचनेवर आहे. ती खोटी आहे.

ॲप हा निकाल देतं कसं, ते पाहू. फोन चालू होताना त्यातल्या चिपचा एक सुरक्षित भाग नोंद ठेवतो : बूटलोडर बंद आहे की उघडा, आत कोणाच्या सहीची प्रणाली आहे, तिचा सुरक्षा पॅच कोणत्या तारखेचा आहे. गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची सेवा अशा खुणा तपासते आणि ॲपला शेरा कळवते. म्हणजे पॅचची तारीख हाताशी असते. पण नेहमीच्या तपासणीत ती निर्णायक ठरत नाही. निर्णायक ठरते ती सही. सर्वांत वरच्या शेऱ्यासाठी 2025 मध्ये गूगलनं एक अट घातली, की पॅच गेल्या वर्षभरातला हवा. चांगली अट. पण ती अँड्रॉइड 13 आणि त्यापुढच्या फोनांना. अँड्रॉइड 12 आणि त्याआधीच्यांना ती लागू नाही. ज्या फोनांना पॅचची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच त्या तारखेबद्दल कोणी विचारत नाही.

तेव्हा ही तपासणी फोन किती सुरक्षित आहे याची नाही. फोन कोणाच्या परवानगीनं चालतो आहे, याची आहे. मालकाची परवानगी त्यात धरलेली नाही.

बँकांची बाजू पोकळ नाही, हेही सांगायला हवं. बूटलोडर उघडा राहिला तर फोन हाती पडलेला माणूस त्यात नकळत काही घुसवू शकतो. फोन रूट केला, म्हणजे प्रणालीवरचा पूर्ण ताबा खुला केला असेल, तर एखादं लबाड ॲप दुसऱ्या ॲपच्या पोटात डोकावू शकतं. पैसे गेले की गिऱ्हाईक बँकेच्याच दारात उभं राहतं. हे सगळं खरं. पण लिनेजओएस घातलं म्हणजे फोन रूट झाला, असं नव्हे; मुळात ते रूट न केलेलंच येतं. आणि बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तो नेमका चोराच्या हाती काही लागू नये म्हणूनच. धोका उरतो. तो मोजता येतो. मोजायचं सोडून सगळ्यांना एकाच शेऱ्यात नापास करणं हा आळस आहे.

शिवाय आपल्याकडे पैसे जातात कसे? लग्नपत्रिकेच्या नावानं, वाहतूक दंडाच्या पावतीच्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते. माणूस ती उघडतो, विचारील त्या परवानग्या देतो, आणि ओटीपी परस्पर चोराकडे जातो. त्यासाठी फोन रूट करावा लागत नाही, बूटलोडर उघडावा लागत नाही. दुकानातून आणला तसा, कोणी हात न लावलेला फोन पुरतो. बँकेच्या ॲपनं ज्याला सुरक्षित म्हटलं, तोच.

आपण विकत घेतलेल्या फोनमध्ये बदल करण्याचं स्वातंत्र्य असावं की नसावं, यावर अमेरिकेत कायद्याच्या अंगानं लढाई झाली. तिथं फोनचं डिजिटल कुलूप उघडण्याची मुभा 2010 मध्ये मिळाली, तीही दर तीन वर्षांनी नव्यानं मागावी लागते. आपला कॉपीराइट कायदा त्या मानानं समंजस आहे. 2012 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 65अ असं कुलूप तोडण्याला गुन्हा म्हणतं, पण कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असेल तरच. सोडून दिलेला फोन आणखी चार वर्षं वापरावा, एवढाच ज्याचा हेतू, त्याच्या आड हा कायदा येत नाही.

आड येतं ते ॲप. आणि ॲप ही आता बारीकसारीक गोष्ट राहिलेली नाही. यूपीआयवर महिन्याला हजार कोटींहून जास्त व्यवहार होतात. भाजीवाली क्यूआर पुढे करते, रिक्षावाला सुटे नाहीत म्हणतो. अशा वेळी ज्या फोनवर बँक उघडत नाही, तो फोन बाजारात निम्मा मेलेला असतो. कायद्यानं दिलेली मुभा इथं, गल्ल्यापाशी, काढून घेतली जाते. त्यासाठी कोणतं विधेयक आलं नाही, कुठं चर्चा झाली नाही. एका तांत्रिक सेवेचा शेरा आणि बँकेनं त्यापुढे तुकवलेली मान, एवढ्यात काम झालं. आठ वर्षांपूर्वीचा, स्क्रीन धड, बॅटरी बदललेला फोन ड्रॉवरमध्ये जातो आणि घरात हप्त्यावर नवा येतो.

दुसरा रस्ता नाही, असंही नाही. गूगलच्याच पिक्सेल फोनमध्ये मालक वेगळी प्रणाली घालून, तिच्या सहीची किल्ली नोंदवून बूटलोडर पुन्हा बंद करू शकतो. ग्राफीनओएस ही प्रणाली तसंच करते. फोनच्या चिपकडून आलेल्या दाखल्यात ही किल्लीही दिसते. बँकेला ती ओळखायची असेल, तर व्यवस्था अँड्रॉइडमध्ये तयार आहे. ओळखणाऱ्या बँका मोजक्या. बाकीच्यांना हे जड वाटत असेल, तर निदान रक्कम मर्यादित ठेवून व्यवहार करू द्यावेत, जोखीम स्पष्ट शब्दांत सांगून मालकाची संमती घ्यावी.

आणि तोवर ती सूचना बदलावी. ‘या फोनमध्ये आम्ही मान्य केलेली प्रणाली नाही, म्हणून आम्ही ॲप चालू देत नाही,’ असं लिहावं. मग ग्राहकाला विचारता येईल, की मान्यता कोणी ठरवली आणि शेजारच्या जुन्या फोनला ती कशी मिळाली.