हेल ऐकून गाव ठरवू नका

‘दोन वाक्यं बोलू द्या, माणूस कुठला ते सांगतो,’ असं छातीठोकपणे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दर बारा कोसांवर भाषा बदलते, हा त्यांचा आधार. बदलते, यात वाद नाही. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीच्या बोलींनीच भरलेला आहे. पण बोली प्रदेशागणिक बदलते म्हणून समोरच्या एका माणसाचं मूळ त्याच्या हेलावरून सांगता येतं, हे कुठून आलं? प्रदेश जागचा हलत नाही, माणसं हलतात.

तंजावर पाहा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तिथे मराठ्यांचं राज्य स्थापलं. बृहदीश्वराच्या मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्या काळात तिकडे स्थायिक झालेल्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात आणि त्या मराठीला तमिळ वळण आहे. असा माणूस पुण्यात बोलू लागला की त्याला शाबासकी मिळते, ‘मराठी छान शिकलात!’ पिढ्यानपिढ्या सांभाळलेली मातृभाषा एका क्षणात परकी ठरते. बेळगावच्या माणसाला तर हे जास्तच लागतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून तो मराठीपणासाठी भांडतो आहे आणि मुंबईत त्याला विचारतात, ‘तुम्ही कानडी का?’ नागपूरकराचं ‘काय करून राहिला’ ऐकून त्याला हिंदीभाषक समजणारेही भेटतात.

यावर म्हटलं जातं की हे अपवाद आहेत, तयार कान चुकत नाही. तयार कानांचीही परीक्षा झालेली आहे. आश्रय मागणारा खरोखर सांगतो त्याच देशाचा आहे का, हे त्याच्या बोलण्यावरून ठरवण्याची पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या काही सरकारांनी सुरू केली. तिचे धोके ओळखून २००४ साली १९ भाषावैज्ञानिकांनी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. माणूस कोणत्या भाषिक समाजात वाढला याचा अंदाज बोलण्यावरून बांधता येतो, राष्ट्रीयत्व मात्र त्यातून सिद्ध होत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. एकच भाषा सीमेच्या दोन्ही बाजूंना बोलली जाते. कित्येक मुलं तर परक्या देशातल्या छावणीतच लहानाची मोठी होतात. आश्रयाच्या प्रकरणात हेलावर विसंबून दिलेला निर्णय एखाद्याला मृत्यूच्या दारात परत पाठवू शकतो.

मग हेल काय सांगतो? संगत सांगतो. मूल बोलण्याची ढब आईबापांपेक्षा सवंगड्यांकडून अधिक उचलतं. लातूरहून ठाण्याला आलेल्या कुटुंबात थोरल्याच्या बोलण्यात मराठवाडा राहतो आणि धाकटी ठाणेकरांसारखी बोलते. आईबाप तेच, मूळ गाव तेच. पुढे शाळा, नोकरी, सासर यांचीही त्यात भर पडते. हेल हा माणसाच्या आयुष्याचा माग आहे, आणि तसा ऐकला तर त्याच्याइतकं ऐकण्याजोगं दुसरं काही नाही.

आपल्याकडे मात्र तो माणसाला जोखायला वापरतात. ‘पानी’, ‘आनि’ कानावर पडलं की गावच नव्हे, जातही ठरवली जाते आणि घर भाड्यानं देणाऱ्याचा, मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा बदलतो. हा अन्याय आहे आणि तो रोज घडतो. कोण कुठला हे जाणून घ्यायचं असेल तर सरळ विचारा. तो सांगेल ते खरं माना; ‘पण बोलण्यावरून वाटत नाही’ एवढं त्याला ऐकवू नका.