मडक्याची खूण

तळेगाव ढमढेरेच्या घरांतून महिन्याचा किराणा भरायला सवलतीच्या मोठ्या दुकानात जाण्यात गैर काहीच नाही. वाचलेले दोनशे रुपये घरालाच लागतात. मात्र पाकिटावर हिरवं पान छापलं म्हणून माल निसर्गाला पूरक ठरत नाही. खरोखर पूरक माल ओळखता यावा म्हणून केंद्र सरकारने १९९१ साली ‘इकोमार्क’ हा शिक्का आणला. त्याची खूण मातीचं मडकं. साबण, कागद घेताना ते शोधा. फार थोड्या मालावर ते दिसतं, याची खंत वाटते. म्हणूनच दुकानाच्या व्यवस्थापकाकडे तसा माल मागा, पुन्हापुन्हा मागा. खराटा, मातीचा माठ, सुटी डाळ मात्र गावच्या बाजारातूनच घ्यावी. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशवी घरूनच न्या.