पहाटे साडेचारची भूक

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं चालतं. फरक किरकोळ वाटतो, पण तीन पिढ्यांचं कुटुंब घेऊन निघणाऱ्यानं हॉटेल ठरवताना सगळ्यात आधी तोच ध्यानात घ्यावा. पुण्यात सहाला उठणारं मूल दुबईत पहिले काही दिवस साडेचारलाच जागं होतं. आजोबांचा साडेपाचचा चहा तिथं चारला येऊन ठेपतो. हॉटेलचा नाश्ता साडेसहा-सातच्या आधी सहसा मांडला जात नाही. मधल्या दोन-अडीच तासांत भुकेलं मूल, चहाविना अस्वस्थ झालेली वडीलधारी माणसं आणि एका बंद खोलीत सगळ्यांना गप्प ठेवण्याची धडपड करणारे आई-वडील, अशी सहलीची सुरुवात होते.

म्हणून माझं मत ठाम आहे. सोबत सात-आठ वर्षांच्या आतलं मूल किंवा पथ्यपाणी सांभाळणारं वडीलधारं माणूस असेल, तर दुबईत साधी हॉटेलची खोली घेऊ नका. हॉटेल अपार्टमेंट घ्या. तिथं हा प्रकार सोय म्हणून सुरू झालेला नाही, पर्यटन खात्यानं त्याला स्वतंत्र वर्ग आणि दर्जा दिलेला आहे. हॉटेलसारखं स्वागतकक्षात माणूस असतं, साफसफाई होते आणि शिवाय स्वयंपाकघर असतं. वॉशिंग मशीनही बऱ्याच ठिकाणी असतं. खाजगी सदनिका भाड्यानं देण्याची पद्धतही तिथं रीतसर आहे आणि ती कित्येकदा स्वस्त पडते. पण मुंबईहून जाणारी विमानं वेळी-अवेळी उतरतात. रात्री दोनला झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन किल्लीची पेटी उघडत बसण्यापेक्षा दारात कुणीतरी उभं असणं मला मोलाचं वाटतं.

आता त्या स्वयंपाकघराविषयी, कारण फसगत तिथंच होते. छायाचित्रात चकचकीत ओटा दिसतो, वर दोन कप आणि एक लिंबांची परडी मांडलेली असते. त्यावर पैसे भरू नका. आधी हॉटेलला लिहून विचारा की शेगडी आहे का, आणि असेल तर कोणती. काही ठिकाणी नुसता मायक्रोवेव्ह, किटली आणि छोटा फ्रीज एवढ्यालाच स्वयंपाकघर म्हणतात. त्यात दूध तापेल, पण आजीला लागणारी मऊ खिचडी नीट होणार नाही. शेगडी असली तर ती विजेच्या तव्याची, काचेच्या पृष्ठभागाची किंवा इंडक्शनची असू शकते. आपल्या घरातला ॲल्युमिनियमचा छोटा कुकर इंडक्शनवर तापतच नाही, लोखंडी तवा मात्र तापतो. काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचं भांडं चालतं, खोलगट कढई डगमगते. म्हणजे कोणतं भांडं बॅगेत भरायचं हे त्या एका उत्तरावर ठरतं. भांड्यांची यादीही मागा. चार बशा, चार काटे आणि एक उथळ तवा एवढंच असेल, तर सहा माणसांची डाळ कशात शिजणार? शाकाहारी घरांत आधीच्या पाहुण्यांनी वापरलेल्या भांड्यांचा प्रश्न निघतो. तो खरा प्रश्न आहे, त्यावर कुणी हसू नये. एक पातेली, एक झारा आणि भांडी घासायची नवी घासणी सोबत नेली की तो सुटतो. विजेची अडचण नाही. व्होल्टेज आपल्याइतकंच आहे, फक्त भिंतीतला सॉकेट तीन चौकोनी भोकांचा, तेवढा अडॅप्टर लागेल.

दुसरी चौकशी धुराची. आपल्या फोडणीत मोहरी तडतडते, मिरची खरपूस होते आणि छतावरचा धुराचा सेन्सर ओरडू लागतो. चिमणी हवा बाहेर सोडते की गाळून परत खोलीतच सोडते, हे विचारण्यात संकोच कसला? हवा खोलीतच फिरत असेल तर पहिल्या फोडणीचा वास शेवटच्या दिवसापर्यंत उशांना येतो.

तिसरी गोष्ट दाराची, आणि मी तिला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. स्टुडिओ प्रकारात पलंग, सोफा, ओटा सगळं एकाच खोलीत असतं. ‘स्वीट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक खोल्यांतही बसायची जागा वेगळी दाखवलेली असते, पण मधे भिंत नसते. बाळ आठला झोपलं की घरातल्या सगळ्यांनी अंधारात बसायचं. म्हणून शयनगृहाला बंद होणारं दार असलेलं एक बेडरूमचं अपार्टमेंट घ्या, लहान असलं तरी चालेल. आजी-आजोबा सोबत असतील तर दोन बेडरूमचं आणि दोन न्हाणीघरांचं घ्या. सोफ्याचा पलंग होतो, असं हॉटेल म्हणेल. त्यावर गुडघे दुखणाऱ्या माणसाला झोपवू नका. आणि सज्जा असेल तर त्याच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी आहे का, हे आधीच पक्कं करून घ्या. उंच इमारतींच्या त्या शहरात ही चौकशी टाळण्यासारखी नाही.

आपल्याकडची बरीच कुटुंबं मे महिन्यात जातात, कारण शाळेची सुटी तेव्हाच असते. मे महिन्यात दुबईत पारा चाळिशीला टेकतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर त्याही वर राहतो. दुपारी बारा ते चार लहान मुलाला घेऊन बाहेर फिरता येत नाही. मिरॅकल गार्डनसारख्या उघड्यावरच्या जागा उन्हाळ्यात बंदच असतात. मग सुटीतले रोजचे चार-पाच तास खोलीतच जाणार असतील, तर खोलीवर काटकसर करून तिकिटांवर पैसे उडवण्यात काय अर्थ? कार्यक्रमातली एखादी सफर कमी करा आणि बेडरूम एक वाढवा. दिवाळीनंतर हवा सुखाची होते. तेव्हा जाणाऱ्यांनी हा हिशेब थोडा सैल केला तरी चालेल.

जागा कुठली घ्यावी? समुद्र आणि उंच मनोरे पाहायचे म्हणून पुष्कळजण मरिनाकडे ओढले जातात. वडीलधाऱ्यांसह पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी बर दुबई किंवा करामा सुचवतो. मेट्रोच्या लाल आणि हिरव्या मार्गिका तिथल्या बुर्जुमान स्थानकात एकत्र येतात. तिथून दुबई मॉलला गाडी न बदलता जाता येतं. मात्र उतरायच्या स्थानकापासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पादचारी मार्ग पाऊण किलोमीटरहून लांब आहे. मधे सरकते पट्टे आहेत, तरी ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी टॅक्सीच बरी. मेट्रोत महिला आणि मुलांसाठी वेगळी जागा राखलेली असते. डबा मात्र गाडीत उघडू नका, खाण्यापिण्याला दंड आहे. संध्याकाळी खाडीवर जाऊन एका दिर्हॅममध्ये अब्रा नावाच्या लाकडी होडीतून पलीकडे देऱ्याला जाता येतं. मुलांना ती फेरी महागड्या सफरींपेक्षा जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

याच भागाचा आणखी एक फायदा म्हणजे वाणसामान. इथून पीठ, डाळ, मसाल्यांची पोती वाहून नेण्याची गरज नाही. दातार कुटुंबानं १९८४ साली दुबईत एक लहानसं दुकान सुरू केलं. त्यातूनच धनंजय दातार यांचा ‘अल आदिल’ हा व्यवसाय उभा राहिला, आणि आज त्यांच्या दुकानांत मराठी घराला लागणारं बहुतेक सगळं मिळतं. दूध, दही, भाज्या, फळं कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. सोबत न्यायचं तर चहाची आपली पूड आणि लहानग्याला सवयीचं असलेलं सत्त्व, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र चुकूनही नेऊ नका, ती म्हणजे खसखस. अफूच्या झाडाचं बी असल्यामुळे तिच्यावर संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे आणि ती सापडली तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं. दिवाळीच्या सुटीत निघणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावं. अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणात असते, डिंकाच्या लाडवात असते, कुणाच्या घरच्या मसाल्यातही असते. आईनं किंवा सासूबाईंनी प्रेमानं बांधून दिलेला डबा उघडून विचारा, मगच बॅगेत ठेवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही परवानगीशिवाय चालत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. संकेतस्थळावर मोठ्या अक्षरात दिसणारा दर शेवटचा नसतो. पाच टक्के व्हॅट, सेवा शुल्क, पालिकेचं शुल्क आणि त्यावर ‘टुरिझम दिर्हॅम’ येतो. हा कर हॉटेलच्या दर्जाप्रमाणे एका रात्रीला ७ ते २० दिर्हॅम असतो आणि अपार्टमेंटमध्ये तो बेडरूममागे आकारतात. शिवाय आल्याबरोबर अनामत रक्कम मागतात. ती कार्डावर अडकून राहते आणि परत यायला काही दिवस लागतात. त्याची तयारी ठेवा.

आणि आता जे मला खरं सांगायचं आहे ते. सहलीत स्वयंपाकघर घेतलं की घरातल्या बाईची सुटी रद्द होते, हे मी फार घरांत पाहिलं आहे. इतका खर्च केलाय तर घरचंच खाऊ, असं कुणीतरी सहज म्हणतं. मग सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात. ती बुर्ज खलिफा खिडकीतून पाहते आणि हात भांड्यांत असतात. बऱ्याच ठिकाणी रोजच्या साफसफाईत भांडी धरलेली नसतात, तीही तिलाच घासावी लागतात. असं होणार असेल तर स्वयंपाकघर घेऊच नका, साधी खोली परवडली.

ते स्वयंपाकघर पहाटेच्या चहा-दुधासाठी आहे, बाळाच्या पेजेसाठी आहे, बाहेरचं सोसलं नाही अशा रात्रीच्या दहीभातासाठी आहे. दुपारचं जेवण बाहेरच व्हायला हवं. बर दुबई आणि करामात शाकाहारी भोजनालयांना तोटा नाही. आणि ते पहाटेचं दूध वडिलांनी तापवावं, पोहे काकांनी परतावेत, कप दहा-बारा वर्षांच्या मुलांनी विसळावेत. ज्या पुरुषाला चहासुद्धा येत नाही त्यानं निघण्याआधी आठवडाभर घरी करून शिकावा.

तेव्हा हॉटेलला शेगडी, चिमणी, दार आणि भांडी यांविषयी प्रश्न पाठवाल, त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कोणत्या दिवशी सकाळी कोण उठणार, भांडी कोण घासणार हे नावानिशी कागदावर लिहा. हॉटेलचं उत्तर आणि हा कागद दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे भरू नका.