‘उशिरा’ म्हणजे नक्की कधी?

२०२३ च्या कान महोत्सवात एक गंमत झाली. सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे पाम दोर, ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ला मिळाला आणि त्याच्या खालोखालचा ग्राँ प्री ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला. दोन्हींत मुख्य बाई एकच, जर्मनीची सँड्रा ह्युलर. एकीत नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली लेखिका. दुसरीत ऑशविट्झच्या कमांडंटची बायको, छळछावणीच्या भिंतीला लागून निवांत बाग फुलवणारी. पुढच्या वर्षी ‘अ‍ॅनाटॉमी’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा ती ४५ वर्षांची होती. मग सुरू झालंच, उशिरा मिळालेलं यश, संयमाचं फळ वगैरे.

मला हे ‘उशिरा’ जाम खटकतं.

उशीर कसला? २००६ मध्ये ‘रेक्वीम’ आला. अपस्माराचा त्रास असलेल्या मुलीला भुताने झपाटलंय असं समजून चर्चवाले तिच्यावर विधी करतात, त्या मुलीचा रोल. त्यासाठी ह्युलरला बर्लिन महोत्सवात अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं, वयाच्या २७ व्या वर्षी! आपल्यातल्या बहुतेकांनी त्याच रात्री बॅगा भरल्या असत्या. ही बाई मात्र सिनेमे करता करता नाटकातच राहिली. बर्लिनच्या नाट्यविद्यालयातून बाहेर पडल्यावर येना, लाइपझिग, बाझल इथल्या थिएटरांत तिने काम केलं होतंच, पुढे म्युनिक. २०१६ मध्ये ‘टोनी एर्डमन’ जगभर गाजला, त्यानंतर २०१९ मध्ये ती बोखुमच्या रंगमंचावर हॅम्लेट म्हणून उभी राहिली. ओफिलिया नाही, हॅम्लेट.

मग हा संयम का? मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी सुमारे १४० थिएटर्स आहेत, छोट्या छोट्या शहरांतसुद्धा. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नटांचा कायमचा संच असतो. दर महिन्याला पगार, आणि एकाच आठवड्यात वेगवेगळ्या नाटकांचे प्रयोग. फार सुखाचं आहे असंही नाही. करार बहुधा वर्षावर्षाने वाढतात, पगारही काही डोळे दिपवणारे नसतात. पण पंचविशीतल्या नटीला पुढच्या महिन्याचं भाडं भरता येतं आणि रोज संध्याकाळी स्टेज मिळतं. तो संयम तिच्या एकटीचा नाही, त्यात तिथल्या करदात्यांचाही वाटा आहे.

आपल्याकडे एकांकिका गाजवणाऱ्या पोरांना ‘धीर धर, नाटक सोडू नकोस’ असं सांगणारे ढिगाने भेटतात. तालमीच्या हॉलचं भाडं कोण देणार, हे त्यांना विचारून बघा. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि वर सिरियल घेतली की ‘विकला गेला’ हा शिक्का! हे ऐकून घ्यायची मला तरी इच्छा नाही.

असो. ‘टोनी एर्डमन’ बघा, पावणेतीन तासांचा असला तरी. त्यात कंपन्यांना सल्ले देणारी, कायम ताठ वागणारी ही मुलगी बापाच्या आग्रहाने अनोळखी लोकांच्या घरी व्हिटनी ह्युस्टनचं गाणं म्हणते. आधी नाइलाजाने, मग बेंबीच्या देठापासून. आणि गाणं संपताक्षणी तडक निघून जाते.