आधी पाना जागेवर, मग गाडी!

इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ साली ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धा सुरू झाली आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना स्वतः गाडी बांधायचं वेड लागलं. आपल्याकडेही सिडकोत कुणाच्या घरच्या पार्किंगमध्ये, कुणाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाइप कापणं चालू असतं. उत्साह भरपूर, पण १०-११ चा पाना कुठंय विचारा, चौघं चार दिशांना बघतात!

माझं स्पष्ट मत आहे, पहिला पाइप कापायच्या आधी दोन दिवस शेड लावायला द्या. जपानी ‘५-एस’ आपण परीक्षेपुरतं पाठ करतो: निवडा, मांडा, झाडा, नियम ठरवा, पाळा. वाळूज-शेंद्र्याला नोकरी लागल्यावर तेच करायचंय, मग आत्ताच का नको?

खर्च फारसा नाही. प्लायवर प्रत्येक पान्याची आकृती काढून खिळे ठोका. पाना परत आला नाही की मोकळी जागा लगेच दिसते. खोललेले नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, चिठ्ठी लावून. पेट्रोलचा कॅन वेल्डिंगपासून लांब, अग्निशामक सिलिंडर दाराशी.

कुणी म्हणेल, डेडलाइन डोक्यावर असताना झाडलोट कसली? अहो, ब्रेकचा एक नट राहून गेला तर स्पर्धा राहील बाजूला. स्टिअरिंगवर आपलाच रूममेट बसलेला असतो. शिवाय आपण पास होऊन निघून जाऊ. ज्युनिअर्सच्या हाती नीट लावलेली शेड द्यायची की भंगाराचा ढीग, हे आपणच ठरवायचंय.